रक्तात घातलेलं पाणी

३० डिसेंबर २०२४, येळवस

डॉक्टरमॅडमनी वही लिहायला सांगितलीय. रोज काय खाल्लं, किती खाल्लं, परसाकड किती वेळा झाली, कशी झाली, समदं. तर घ्या. सकाळी भाताची पेज एक वाटी. दुपारी वरणाचं निव्वळ पाणी. परसाकड एकदा, बरी. झालं लिहून. एवढ्यासाठी हर्षालीनं पुण्याहून ही जाडजूड डायरी कशाला पाठवली देव जाणे. लेकीचा जीव, दुसरं काय. उरलेल्या जागेत मी माझ्या मनाचं लिहिणार. मॅडमना वाचायचं तर वाचू दे.

आज येळवस, म्हंजे येळ अमावस्या, सगळं गाव रानात जेवायला. आमी पण गेलो. म्हंजे मला जीपमधी घालून नेलं आणि कडब्याच्या कोपीशेजारी बाजंवर ठेवलं. माझ्या म्होरं भाज्या-डाळींच्या भज्जीचं पातेलं, आंबिलीचं मडकं, बाजरीच्या उंड्यांची चवड. मेव्हणा रणधीर मुद्दाम माझ्याकडं तोंड करून जेवायला बसला. "दाजी, भज्जी लई झकास झालीया, पण तुमाला चालायची न्हाय," असं दर घासाला सांगत होता. पोटात टाके असले की माणसाला उठून मारता येत न्हाय, हे त्याला पक्कं ठाऊक हाय.

टाके कसले तेही लिहून ठेवतो. या महिन्याच्या सुरुवातीला बार्शीत माझं पोट उघडून मोठ्या आतड्याचा तुकडा काढला. त्यात गाठ होती, ती कॅन्सरची निघाली. बघा, शब्द लिहिला पण. अयोध्या, माझी बायको, तो शब्द घरात कुणाला काढू देत न्हाय. "ह्यांच्या पोटाचं झालंय," एवढंच म्हणते.

३ जानेवारी

पेज दोन वाट्या, मऊ भात. परसाकड दोनदा, दुसऱ्या वेळची उगीच.

आज भट्टीवर गेलो. आमची खव्याची भट्टी येरमाळ्याच्या रस्त्याला हाय. सकाळी आसपासच्या गावांचं दूध येतं, दुपारपतूर खवा होऊन हलवायांकडं जातो. भट्टी लाकडावर चालती असं लोकांना वाटतं. ती चालती माझ्या जिभेवर. दर कढईचा पहिला खवा मी चाखतो. म्हशीनं सरकी खाल्ली का उसाचं वाडं, कढईला कुठं लागलंय का, दुधात पाणी हाय का, समदं मला जिभेवर कळतं. डिग्री, म्हंजे दुधातलं पाणी दावणारा काचेचा काटा, लावायची ती समोरच्याची खात्री पटावी म्हणून. याच जिभेपायी निम्मी पंचक्रोशी माझ्याशी नीट बोलत न्हाय, आणि त्याचा मला अभिमान हाय.

दूध घालणारा शंभू क्यान घेऊन आला. एक थेंब चाखला आणि म्हणलं, "शंभ्या, म्हशीला पव्हायला शिकीवलंस का काय?"

"आण्णा, थंडीचं दूध जरा पातळच पडतंय."

"थंडीत पातळ पडतं, उन्हाळ्यात आटतं. मग तुझी म्हैस दूध देती तरी कवा?"

क्यान परत पाठवली. लई बरं वाटलं, टाक्यांचं दुखणं इसरलो.

एकच वैताग. मी दवाखान्यात होतो तवर भट्टी अयोध्यानं चालवली आणि एका हलवायाची तक्रार आली न्हाय. येरमाळ्याचा शरणबसप्पा हलवाई फोनवर म्हणतो, "आण्णा, तुमी निवांत आराम करा, माल अगदी पयल्यासारखा हाय." पयल्यासारखा! लोकांच्या जिभाच मेल्यात.

८ जानेवारी

बार्शीला दाखवून आलो. मॅडमचं नाव डॉक्टर शिवप्रिया. अणदूरच्या लिंगायताची लेक, हर्षालीच्याच वयाची. रागावली की मधीच कानडी हेल येतो. म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, परत कुणी इचारलं तर वाचून दाखवायला.

"काका, गाठ पूर्ण निघाली. पण ती आतड्याच्या भिंतीच्या पार बाहेरपर्यंत पोचली होती. अशा लोकांना नुसतं सोडून दिलं तर बऱ्याच जणांना पुढं काही होत नाही, थोड्यांना परत उगवते. ते थोडे कोण, हे आधी कळायचं नाही. मग भीतीनं सगळ्यांनाच सलाईनमधून औषध द्या, नाहीतर नशिबावर सोडा. आता रक्त तपासून बघता येतं. गाठीचे अगदी बारीक तुकडे रक्तात सुटत असतात. तुमच्या कापलेल्या गाठीचा नमुना आपण लॅबला पाठवलाय. तिथं तिचा ठसा काढतात, माणसाच्या अंगठ्यासारखा. तोच ठसा तुमच्या रक्तात सापडला तर कुठंतरी बी राहिलंय असं धरायचं आणि औषध सुरू. नाही सापडला तर औषध नाही, पण तीन-तीन महिन्यांनी परत बघायचं."

म्या इचारलं, औषधानं काय काय व्हतं? म्हणाली, हातापायाला मुंग्या येतात, गार पाणी काट्यासारखं टोचतं आणि तोंडाची चव जाते. "बऱ्याच जणांची नंतर येते परत."

"बऱ्याच जणांची, म्हंजे समद्यांची न्हाय."

"नाही," म्हणाली. लई इमानदार बाई.

तवर अयोध्या मधी बोलली, "मॅडम, ती तपासणी ऱ्हाऊ द्या बाजूला. औषध सुरूच करून टाका." मॅडमनी तिला समजावलं की नको असताना दिलेलं औषध पण इजा करतं. ती ऐकून घेत होती, पण मान काय हलवत न्हवती. तिची थोरली भण सारजाबाई. छातीतली गाठ दोन वर्षं पदराखाली झाकून ठेवली आणि त्यातच वारली. तवापासून हिला औषध म्हणलं की पुरे.

येताना गाडीत आमचं वाजलं. ती म्हणाली, "चव गेली तर गेली. मी सांगंन की तुमाला कशात काय कमी हाय ते." म्या म्हणलं, "माझी जीभ गेली तर मग मी कोण? नुसता बाजंवरचा म्हातारा." रणधीर गाडी चालवता चालवता बोलला, "दाजी, तसं बघितलं तर बोलायला जीभ ऱ्हाईलच की." याला मेव्हणा म्हणून द्यायचं सासऱ्याला काय अडलं होतं?

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ एक, चोरून. परसाकड एकदा.

सकाळी परत शंभूचं दूध. आज म्या चाखलंच न्हाय, सरळ डिग्री लावली, आणि काटा खाली गेलेला बघताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हैस तीच, दूध तेच, पण वरून पाणी पडलं की डिग्री उतरती. सरकीची पेंड चारा न्हायतर सोनं चारा, काट्याला फक्त पाणी दिसतं.

मग रक्ताचं काय येगळं असणार? तेही पातळच की.

तपासणी सोमवारी हाय. हा इचार कुणाला बोललो न्हाय. दुधात पाणी घालणारे पण कुणाला सांगत न्हाईत.

२० जानेवारी

आज लई लिहायचं हाय.

पहाटं उठल्यापासून पाणी. आधी दोन तांबे. मग चहाच्या नावाखाली आणखी एक. गाडीत बसताना मोठी बाटली घेतली, येरमाळ्याला दुसरी. अयोध्या म्हणाली, "आवं, एवढी तहान कशी काय लागलीया?" म्हणलं, थंडी कोरडी हाय. ती बिचारी प्रत्येक वेळी बाटलीचं झाकण काढून देत होती.

गाडी येरमाळ्यातनं निघाली तशी पाचच मिनिटांत थांबवायला लावली. मग पुलाजवळ. मग एका धाब्यामागं, तिथं कुत्रं अंगावर आलं आणि काम अर्धंच ऱ्हायलं. मग बार्शीच्या वेशीत. चौथ्या वेळेला रणधीर अयोध्याला हळूच म्हणाला, मला ऐकू येईल एवढ्या हळू, "ताई, ह्यांना शुगर पण लागली वाटतं." तिचं तोंड एवढंसं झालं. सांगता तर येत न्हाय, शुगर न्हाय, शक्कल हाय म्हणून.

रक्त काढणारा पोरगा भला होता. त्यानं दंडाला पट्टी बांधली, तवर म्या सांगितलं, "बाळा, पयल्या धारेचंच घे."

"म्हणजे काय काका?"

आता ह्याला काय सांगणार! म्हशीची पहिली धार पातळ असती, फॅट समदी शेवटच्या धारंला येती. ज्याला दूध पातळ दावायचं त्यानं पहिल्या धारेचं द्यावं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. म्या म्हणलं, "पयल्यांदा जे येतंय तेवढंच भर. शेवट पिळू नको."

तो म्हणाला, "काका, हा हात आहे, सड नाही." आणि दोन नळ्या भरून घेतल्या.

बाहेर आल्यावर अयोध्या इचारते, दुखलं का? दुखलं न्हाय. उलट लई हुशारी केल्यासारखं वाटत होतं. परतताना चार वेळा गाडी थांबवली.

२ फेब्रुवारी

भाकरी अर्धी, दुधात कुस्करून. रिपोर्ट यायला आणखी वेळ हाय म्हणे.

अयोध्याचं काही तरी बिघडलंय. दर मंगळवारी येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला जाती, ते ठीक. पण डोंगरावर अनवाणी. सांगितलं तिला, आगं चपला घालायची इसरतीस, पायाला भेगा पडल्या. हसली नुसती. चपला झिजल्या असतील, पुढच्या बाजारात नव्या आणाव्यात. जेवायला पण माझ्याबरोबर बसत न्हाय, भूक न्हाय म्हणती. वयानं व्हतं असं.

११ फेब्रुवारी

सापडलं न्हाय! सापडलं न्हाय!

मॅडमचा फोन सकाळी आला. "काका, रक्तात ठसा सापडला नाही. सध्या औषध नको. तीन महिन्यांनी परत बघू." अयोध्या तिथंच भट्टीसमोर मटकन खाली बसली आणि कपाळ भुईला टेकवलं. हर्षाली फोनवर रडली, जावई पण रडला म्हणे, तो कशाला रडला कळलं न्हाय. रणधीरनं गावभर सांगितलं. घरच्याच खव्याचे पेढे करून अयोध्यानं आळीत वाटले. मी चार खाल्ले. परसाकडीचं उद्या लिहितो.

१२ फेब्रुवारी

तीनदा. पेढे.

झोप लागली न्हाय. समदं चांगलं झालंय आणि झोप लागत न्हाय.

१५ फेब्रुवारी

जो भेटतो तो म्हणतो, "आण्णा, सुटलात." शरणबसप्पानं शाल पाठवली. म्या ती पेटीत टाकली.

मलाच माहीत हाय की ते रक्त पातळ केलेलं होतं. आणि आता मलाच कळत न्हाय की ठसा खरंच न्हवता, का तीन तांब्यात आणि दोन बाटल्यांत बुडाला. पाणी घातलेल्या दुधाची डिग्री बघून हे दूध मुळात कसं होतं ते सांगा म्हणलं, तर कोण सांगंल? म्या जन्मभर लोकांना हेच सांगून क्याना परत पाठवल्या. माझी क्यान कोण परत पाठवणार?

पोटात डाव्या बाजूला काही तरी वाटतंय. कदाचित पेढा असंल.

१९ फेब्रुवारी

शंभूचं दूध आलं. बघूनच कळलं, आज तर त्यानं हद्दच केली, दुधाला निळी झाक होती. माझ्या त्वांडानं त्याला काय बोलू? म्हणलं, "घ्या वतून."

शंभू हललाच न्हाय. "आण्णा, डिग्री लावा की."

"न्हाय लावायची. घेतलं दूध."

"चाखून तरी बघा."

"आरं, घेतलं म्हणलं ना!"

तो माझ्याकडं बघत बघत मागं सरकला. दुपारी कळलं की त्यानं चावडीवर सांगितलं, आण्णांचं काही खरं न्हाय, रिपोर्ट चांगला आला ती नुसती घरच्यांनी उठवलेली आवई हाय, माणूस आतून संपलाय. संध्याकाळी चार जण भेटायला आले. एकानं नारळपाणी आणलं.

२० फेब्रुवारी

शंभूचं आजचं दूध इतकं दाट की डिग्रीचा काटा वर उसळला. म्या शंभूला ओळखतो तवापासून असलं दूध त्याच्या म्हशीनं दिलं न्हवतं. क्यान ठेवून पाया पडला आणि म्हणाला, "आण्णा, काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घ्या." पोटात आधीच जागा न्हाय.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. साबुदाणा नको म्हणलं तर रताळं.

अयोध्या आज म्हणाली, "देवानं राखलं तुमाला." मी खवा बघायचं निमित्त काढून उठलो. देवाला तर ठाऊकच हाय बाटल्या किती होत्या. हिला ठाऊक न्हाय. हिच्याच हातानं झाकणं काढून घेतली.

भ्या वाटतंय. औषधाचं वाटत होतं त्याच्यापेक्षा जास्त. औषधाचं भ्या निदान चारचौघांत बोलता येत होतं.

३ मार्च

आज एकटाच एसटीनं बार्शीला गेलो. घरी सांगितलं, अडतीवर काम हाय.

मॅडमच्या म्होरं बसलो आणि सांगून टाकलं. दुधाची डिग्री, तीन तांबे, दोन बाटल्या, पहिली धार, समदं. मॅडम ऐकत होती. मग तिनं चष्मा काढला, टेबलावर डोकं टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, बाई रडायला लागली, एवढं वाईट केलं का म्या? नर्स आत डोकावली. मॅडम हसत होती. डोळ्यातनं पाणी येईस्तवर हसली.

"काका," म्हणाली, "प्यायलेलं पाणी रक्तात तसं बसून राहत नाही हो. शरीर ते बाहेर टाकतं. तुम्ही रस्त्यात गाडी किती वेळा थांबवली?"

"चार. एक अर्धी."

"मग पाणी तिथं गेलं. आणि आपण रक्त दाट की पातळ हे बघतच नव्हतो. तुमच्या गाठीचा ठसा आहे का, तेवढंच शोधत होतो. पाण्यानं ठसा काही पुसला जात नाही. पहिल्या धारेचं काय म्हणालात ते मात्र मी सगळ्या डॉक्टरांना सांगणार."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हणलं, "म्हंजे ते खरं हाय? माझ्यात काही न्हाय?"

तशी ती हसायची थांबली. "सापडलं नाही, हे खरं आहे. काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. फारच थोडं असेल तर एका तपासणीत हुकू शकतं. म्हणून तर परत बघायचं. एप्रिलमध्ये या, आणि माणसासारखं पाणी पिऊन या."

मग जरा कानडी हेलात म्हणाली, "आणि घरी सांगितलंय का हे?"

न्हाय म्हणलं. "मग आधी ते करा," म्हणाली.

४ मार्च

सांगितलं.

ती भांडी घासत होती. घासायची थांबली न्हाय. समदं ऐकून झाल्यावर तवा उचलला आणि मला वाटलं आता डोक्यात घालती. तो तिनं नीट पालथा घातला.

"तुमच्या जिभंसाठी तुमी माझं कुकू पणाला लावलं," म्हणाली. "मला इचारलं व्हतं? मी तुमाला पाणी पाजत व्हते. तहान लागली म्हणून पाजत व्हते. म्या शुगरच्या भ्यानं रातभर जागून काढली, आन् तुमी शक्कल लढवीत व्हता?"

म्या म्हणलं, मॅडम म्हणाली पाण्यानं काही व्हत न्हाय.

"पाण्यानं न्हाय झालं. तुमच्या मनात तर व्हतं!"

परसाकड झाली का ते आठवत न्हाय.

१२ मार्च

बोलत न्हाय. ताट वाढती, पण थाळी अशी ठेवती की वाटीतलं वरण हिंदकळतं. अनवाणी जाणं चालूच हाय. आता कळलं कशाला ते. रणधीरनं सांगितलं, दाजी, तिनं तुमी बरं होईपतूर चपला सोडल्यात, समद्या गावाला माहीत हाय. मी तिच्यासाठी नव्या चपला आणून दाराशी ठेवल्या होत्या. इतका येडा मी.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड दोन चमचे. परसाकड एकदा, बरी.

आज बोलली. म्हणजे गुढी उभारताना म्हणाली, "काठी सरळ धरा." म्या सरळ धरली.

मग गुढीखालीच तिला शब्द दिला. येत्या तपासणीत काही सापडलं तर जीभ, हात, पाय, जायचं ते जाऊ दे, औषध घेणार. तिनं कडुनिंबाचा पाला हातावर ठेवला आणि म्हणाली, "खावा." खाल्ला. तोंड वाकडं केलं न्हाय.

१३ एप्रिल

येरमाळ्याची यात्रा. देवीच्या देवळाच्या चुन्यासाठी रानातनं खडे वेचायची रीत हाय, ते वेचायला अयोध्याबरोबर मी पण गेलो. वाकताना पोट ओढतं, म्हणून पाच खडे वेचले आणि बसलो. ती म्हणाली, पाच पण देवीला पोचतात. गर्दीत शरणबसप्पा भेटला, इचारतो, "शाल वापरता का न्हाय?" एवढ्या उन्हात!

२१ एप्रिल

दुसरी तपासणी.

अयोध्यानं कालच बजावलं होतं, मॅडम म्हणाली तेवढंच पाणी प्यायचं. पण माझं मन खातंय की. यावेळी नमुना एकदम चोख असायला हवा, कुणाला बोट दावायला जागा नको, असं मी मनाशी धरलं आणि सकाळपासून एक थेंब घशाखाली उतरू दिला न्हाय. चहा पण मागल्या दारी वतला. बार्शीत उतरलो तवा ऊन असं होतं की डांबर पायाला चिकटत होतं आणि माझी जीभ टाळ्याला.

तोच पोरगा. एका हातावर टोचलं, नस सापडंना. दुसऱ्या हातावर टोचलं, तिथं पण न्हाय. तिसऱ्या वेळी मला डोळ्याम्होरं काजवे दिसले आणि मी खुर्चीतनं सरकलो. शुद्धीवर आलो तवा मॅडम माझे पाय वर धरून उभी होती आणि पूर्ण कानडीत बोलत होती. मला कानडी येत न्हाय, पण शिव्या कुठल्याबी भाषेत कळतात.

"पाणी पिऊ नका असं कोणी सांगितलं तुम्हाला?" मराठीत आल्यावर इचारलं.

माझ्याआधी अयोध्या म्हणाली, "मॅडम, ह्या माणसाला कुणी काय सांगत न्हाय. ह्येच समद्यांना सांगत्यात."

दोन ग्लास पाणी पाजून, अर्धा तास आडवं पाडून मग रक्त घेतलं. अयोध्यानं ग्लास हातात दिला तवा माझ्याकडं बघून हसली. मार्चपासनं पहिल्यांदा तोंडभरून हसली. टोचल्याचं दुखणं काहीच वाटलं न्हाय.

९ मे

भाकरी एक, मेथीची भाजी. परसाकड एकदा.

मॅडमचा फोन दुपारी आला. एरवी "काका" म्हणून जोरात सुरू करती, आज हळू बोलली.

"काका, यावेळी सापडलंय. थोडंच आहे. पण आहे."

मी भट्टीबाहेर चिंचेखाली उभा होतो. बुंध्याला टेकलो. इचारलं, "मॅडम, खरं सांगा, पयल्या टायमाला माझ्या पाण्यानं तर..."

"काका, पाण्याचा विषय संपला. तेव्हा सापडण्याएवढं नव्हतं, आता आहे. आणि अजून त्रास काही नाही, स्कॅनमध्ये कदाचित काही दिसणारही नाही, इतक्या लवकर कळलंय. सोमवारी या. स्कॅन करू, आणि सगळं ठीक असलं तर लगेच औषध सुरू करू." मग म्हणाली, "याल ना?"

"येतो," म्हणलं. हा शब्द तोंडातनं सरळ निघाला, मलाच नवल वाटलं. भ्या वाटत होतं, अजून वाटतंय, लपवून काय करू? पण फेब्रुवारीत लोक शाली देत होते तवा जे वाटत होतं ते यापेक्षा वाईट होतं.

आत गेलो. अयोध्या कढईवर होती, खवा गोळा व्हायला आला होता. सांगितलं तिला. सापडलंय, थोडं हाय, सोमवारी जायचं, औषध घेणार.

तिनं मान हलवली आणि ढवळतच ऱ्हायली. खवा या घडीला आला की हात थांबवता येत न्हाय, थांबला की बुडाला लागतो. डोळ्यातनं धारा लागल्या होत्या आणि पुसायला हात मोकळा न्हवता.

"सरक तिकडं," म्हणलं, "डोळ्याचं पाणी पडंल खव्यात." आणि उलथणं तिच्या हातातनं घेतलं. ती भिंतीला टेकून खाली बसली, पदर तोंडाशी धरला आणि रडली. मला पण आलं. मी ढवळत होतो. पाच महिन्यांत मोठी कढई हातात घेतली न्हवती, दंड भरून आले, पण सोडलं न्हाय.

खवा उतरवला. निवल्यावर पहिला तुकडा काढला आणि तिच्या म्होरं धरला. इतकी वर्षं तो माझाच असायचा. तिनं माझ्याकडं बघितलं, मग तुकड्याकडं, मग नाक ओढून तोंडात टाकला. चावला. गालावरचं पाणी अजून वाळलं न्हवतं.

"कसा झालाय?" म्या इचारलं.

"लागलाय जरा," म्हणाली.

माझ्या खव्याला आजपतूर असं कुणी बोललं न्हवतं. मी एक तुकडा घेऊन सावकाश चाखला. खरंच लागला होता.